रीपरमध्ये इफेक्टची वाट: सेंड जोडण्यापासून स्टेम पाठवण्यापर्यंत

घरी रेकॉर्ड केलेला एक अभंग मी पहिल्यांदा मिक्सिंगसाठी दुसऱ्याकडे पाठवला, तेव्हा आठवडाभर खपून आवाजाचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, जमवला होता. देवळाच्या गाभाऱ्यात म्हटल्यासारखा, पण शब्द न बुडवणारा. मुख्य आवाज, हार्मोनियम, पखवाज, टाळ, तानपुरा आणि चौघांचा कोरस असे सगळे ट्रॅक निवडले, रेंडर केले, म्हणजे त्यांच्या ऑडिओ फायली काढल्या, आणि पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी फोन आला: “आवाज अगदी कोरडा आलाय. असाच हवाय का?” रिव्हर्ब ज्या ट्रॅकवर होता तो मी निवडलाच नव्हता. त्यावर काही रेकॉर्ड केलेलं नव्हतं, त्यामुळे तो पाठवायचा असतो हे डोक्यातच आलं नाही.

मग मी प्रत्येक ट्रॅकवर थेट रिव्हर्ब बसवून पुन्हा पाठवलं. आता उलटी अडचण झाली. रिव्हर्ब आवाजात कायमचा मुरला होता, तो कमी करायची सोयच उरली नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. तुमच्या पहिल्या दोन खेपा वाचाव्यात म्हणून हे लिहितोय.

सगळी उदाहरणं रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधली आहेत. मी तेच वापरतो, आणि नव्या माणसाला ते परवडतं: ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून बघता येतं, त्यानंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं बदलतील, पण आवाज ज्या क्रमाने पुढे जातो तो क्रम फारसा बदलत नाही.

हाताशी काय हवं

- रेकॉर्डिंग पूर्ण झालेला, ट्रॅकना नीट नावं दिलेला प्रोजेक्ट. “ट्रॅक ७” हे नाव नव्हे.
- बंद कपांचे हेडफोन. रिव्हर्बची शेपटी लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.
- रीपरसोबत येणारे प्लगइन, म्हणजे इफेक्ट देणारे छोटे प्रोग्रॅम: रीआव्हर्बेट (रिव्हर्ब), रीआडिले (डिले, म्हणजे प्रतिध्वनी), रीआईक्यू (ईक्यू), रीआकॉम्प (कॉम्प्रेसर). विकत काही घ्यायची गरज नाही.
- डिस्कवर मोकळी जागा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १७ एमबी घेते. पाच मिनिटांच्या अभंगाचे २० स्टेम, म्हणजे पाठवायच्या वेगवेगळ्या फायली, धरल्या तर पावणेदोन जीबीच्या आसपास.
- एक साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात काय लिहायचं ते शेवटी सांगतो.

१. इफेक्ट ट्रॅकवर की वाटेवर, हे आधी ठरवा

इफेक्ट लावायचे दोन मार्ग आहेत आणि पुढचा सगळा गोंधळ हे दोन मार्ग एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

पहिला मार्ग इन्सर्टचा. ट्रॅकच्या “एफएक्स” बटणावर क्लिक करून प्लगइन थेट त्या ट्रॅकवर बसवता. पूर्ण आवाज त्यातून जातो आणि बदलून बाहेर पडतो. ईक्यू (आवाजाचा खालचा-वरचा भाग कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (मोठा झालेला आवाज दाबणारा), खरखर काढणारा प्लगइन हे इथे शोभतात, कारण त्यांचं काम मूळ आवाज बदलणं हेच आहे.

दुसरा मार्ग सेंडचा. मूळ आवाज आपल्या वाटेने मास्टरकडे, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिकडे, जातो आणि त्याची एक प्रत वेगळ्या ट्रॅककडे वळवली जाते. त्या ट्रॅकवर फक्त रिव्हर्ब असतो. कोरडा (मूळ) आणि ओला (घुमारा लागलेला) आवाज मास्टरवर जाऊन भेटतात. ज्या ट्रॅकवर रिव्हर्ब आहे त्याला रिटर्न म्हणतात.

ही पद्धत आली ती जुन्या स्टुडिओंच्या गरजेतून. १९४७ साली शिकागोत बिल पुटनम यांनी स्टुडिओचं न्हाणीघर घुमारा मिळवण्यासाठी वापरलं: तिथे स्पीकरमधून आवाज सोडायचा आणि भिंतींवरून परतलेला आवाज माइकने उचलायचा. १९५७ साली जर्मनीत ईएमटी १४० हे यंत्र आलं. त्यात टांगलेल्या पोलादी पत्र्याच्या कंपनातून रिव्हर्ब मिळायचा आणि अख्ख्या यंत्राचं वजन अडीचशे किलोंच्या वर होतं. असं यंत्र प्रत्येक वाद्यासाठी वेगळं कोण आणणार? एकच यंत्र, आणि प्रत्येक ट्रॅककडून त्याकडे हवा तेवढा आवाज पाठवायचा. आज संगणकात शंभर रिव्हर्ब चालतात, तरी ही पद्धत टिकली, कारण सगळी वाद्यं एकाच खोलीत घुमली की ती एकत्र बसून वाजवल्यासारखी वाटतात. भजनासाठी तर हे फारच महत्त्वाचं. आवाज एका दालनात, पखवाज दुसऱ्यात आणि टाळ तिसऱ्यात असं ऐकू आलं की कानाला ते लगेच खटकतं.

थोडक्यात, रिव्हर्ब आणि डिले सेंडवर. बाकी बहुतेक सगळं इन्सर्टवर.

२. रिटर्न ट्रॅक तयार करा

रीपरमध्ये ऑडिओ ट्रॅक, बस, रिटर्न अशा वेगवेगळ्या जाती नाहीत. कुठलाही ट्रॅक काहीही होऊ शकतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून आलेली माणसं “नवा ऑक्स ट्रॅक” शोधत बसतात, तो नाही. साधा नवा ट्रॅक घ्या.

त्याला नाव द्या, समजा “आवाज रिव्हर्ब”. रंगही वेगळा द्या. मी सगळे रिटर्न निळे ठेवतो. पुढे रेंडरच्या वेळी निळं काही सुटलं की नजरेला लगेच कळतं.

त्यावर रीआव्हर्बेट टाका. मग सगळ्यात महत्त्वाचं: “ड्राय” ची पट्टी तळापर्यंत खाली ओढा आणि “वेट” शून्य डीबीवर (डीबी म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) ठेवा. या ट्रॅकमधून फक्त घुमारा बाहेर पडला पाहिजे.

इथला सापळा असा. ड्राय खाली घ्यायचं विसरलात, तर मूळ आवाज दोनदा मास्टरवर पोहोचतो, एकदा आपल्या वाटेने आणि एकदा रिटर्नमधून. ऐकताना आवाज “भरीव” वाटतो, म्हणून चूक लक्षातच येत नाही. मग सेंड वाढवला की रिव्हर्बऐवजी आवाजाचीच पातळी चढते. शंका आली तर, पुढच्या पायरीत सेंड जोडल्यावर, मूळ ट्रॅकच्या “रूट” बटणाने उघडणाऱ्या खिडकीतली “मास्टर सेंड” ची टिक तात्पुरती काढा. आता जे ऐकू येतं ते फक्त घुमारा असायला हवं. शब्द स्पष्ट आणि जवळून येत असतील तर ड्राय कुठेतरी चालू राहिलाय.

३. सेंड जोडा

मूळ ट्रॅकवरचं “रूट” बटण माउसने धरा, ओढत नेऊन रिटर्न ट्रॅकवर सोडा. सेंड जोडला जातो आणि त्याची पट्टी समोर उघडते. नवा सेंड शून्य डीबीवर, म्हणजे पूर्ण ताकदीने सुरू होतो. तो आधी उणे १५ च्या आसपास आणा, मग गाणं चालू ठेवून हळूहळू वर घ्या.

त्याच पट्टीजवळ तीन पर्यायांची यादी आहे. तिच्याकडे नवीन माणूस बघतही नाही, पण ती समजून घेतली पाहिजे.

“पोस्ट-फेडर” म्हणजे ट्रॅकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ओलांडून आलेला आवाज रिव्हर्बकडे जातो. फेडर खाली घेतला की रिव्हर्बही त्याच प्रमाणात कमी होतो. नव्वद टक्के वेळा हेच हवं असतं आणि रीपर हेच निवडून देतं.

“प्री-फेडर” म्हणजे ट्रॅकवरचे इफेक्ट लागून झाल्यावर, पण फेडरच्या आधी घेतलेला आवाज. फेडर तळाला नेला तरी रिव्हर्ब चालूच राहतो. अभंगाच्या शेवटी गाणारा दूर निघून गेल्यासारखं करायचं असेल तर हा पर्याय सुंदर काम करतो: फेडर हळूहळू खाली, घुमारा तसाच. पण चुकून निवडला गेला तर “मी आवाज बंद केला तरी भुतासारखा ऐकू येतोय” अशी तक्रार इथूनच येते.

“प्री-एफएक्स” मध्ये ट्रॅकवरचा ईक्यू, कॉम्प्रेसर काहीच न लागलेला कच्चा आवाज जातो. खरखर काढणारा प्लगइन ट्रॅकवर असेल आणि सेंड प्री-एफएक्स असेल, तर पंख्याची घरघर रिव्हर्बमध्ये जाऊन लांबत राहते. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये हे शोधायला संध्याकाळ गेली होती.

४. घुमाऱ्याला गाळणी लावा

या टप्प्यावर घाई करू नका. मराठी गाण्यात शब्द कळले नाहीत तर गाणं हातचं गेलं, आणि शब्द बुडवणारा रिव्हर्ब बहुतेक वेळा जास्त झालेला नसतो, तो न गाळलेला असतो.

रिटर्नवर रीआव्हर्बेटच्या आधी रीआईक्यू ठेवा. खालचा भाग साधारण ३०० हर्ट्‌झपासून कापा, वरचा ६ ते ७ किलोहर्ट्‌झच्या वर. आकडे कानाने ठरवा, पण कापा नक्की. खालचा भाग न कापता ठेवला तर पखवाजाच्या धुमाचा लगदा होतो. वरचा ठेवला तर “स”, “श”, “च” प्रत्येक वेळी फुसफुसत मागे लांबतात. “ज्ञानेश्वर” म्हणताना तो “श्व” ऐका. गाळणी बरोबर आहे की नाही ते तिथेच कळतं.

टाळांबाबत माझं ठाम मत आहे: टाळ रिव्हर्बकडे जवळजवळ पाठवूच नका. धातूचा नाद स्वतःच लांबतो, त्यात घुमारा मिसळला की सगळ्या गाण्यावर पत्र्याची चादर पसरल्यासारखं होतं. पाठवायचाच तर आवाजापेक्षा निदान १० डीबी कमी.

यानंतर “इनिशिअल डिले”, म्हणजे मूळ आवाज आणि घुमारा यांच्यातलं अंतर. ते २० ते ४० मिलिसेकंद ठेवलं की व्यंजन आधी कोरडं ऐकू येतं आणि घुमारा मागून येतो. शब्द आपोआप पुढे येतात.

आता एक जरा पुढची गोष्ट, पण शिकून घेण्यासारखी. गाताना घुमारा दबलेला आणि ओळ संपली की फुललेला हवा असेल, तर रिव्हर्बनंतर त्याच रिटर्नवर रीआकॉम्प ठेवा. मुख्य आवाजाच्या ट्रॅकवरून याच रिटर्नकडे आणखी एक सेंड जोडा आणि त्याची दिशा १/२ ऐवजी ३/४ चॅनेलकडे करा. रीआकॉम्पमध्ये “डिटेक्टर इनपुट” ला “ऑक्झिलरी इनपुट” निवडा. कॉम्प्रेसर आता ३/४ वरचा कोरडा आवाज ऐकतो आणि १/२ वरचा घुमारा दाबतो. दोन ओळींच्या मध्ये, नुसती हार्मोनियम चालते तिथे, घुमारा उमलून येतो. मला स्वतःला अभंगाच्या मिक्समधली ही सगळ्यात आवडती जागा वाटते.

५. डिलेबद्दल थोडंसं

डिलेसाठीही वेगळा रिटर्न, ड्राय तळाला, बाकी जोडणी तशीच. वेळ काढायचं गणित सोपं आहे: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला किती मात्रा). लय ९६ असेल तर एका मात्रेला ६२५ मिलिसेकंद, अर्ध्या मात्रेला ३१२.५.

मात्र भजनी ठेक्यात वाजलेलं गाणं क्लिकशिवाय, म्हणजे कानात लयीचा ठोका न ठेवता, रेकॉर्ड केलं असेल, तर लय शेवटाकडे चढत जाते. सुरुवातीला बरोबर बसलेला डिले गजराच्या वेळी ठेक्याशी भांडू लागतो. अशा वेळी एकतर रीपरमध्ये टेम्पो मार्कर टाकून लय आखून घ्या, किंवा डिलेचा नाद सोडून रिव्हर्बवर भागवा. मी दुसरं करतो.

६. फोल्डर जपून वापरा

कोरसचे चार ट्रॅक एका फोल्डरमध्ये घातले की वरचा ट्रॅक त्यांचा पालक होतो. चौघांचा आवाज पालकातून जाऊन मगच मास्टरला पोहोचतो. पालकावर एकच कॉम्प्रेसर लावला की चौघं एकत्र बांधले जातात. सोयीचं आहे, पण निर्यातीत इथे तीन ठेचा लागतात.

पालक आणि मुलं दोन्ही निवडून स्टेम काढले, तर कोरस दोनदा जातो. पालकाच्या स्टेममध्ये मुलं आधीच आहेत.

फक्त मुलं निवडली, तर पालकावरचा कॉम्प्रेसर त्यात येत नाही.

आणि मुलांच्या ट्रॅकवरून रिव्हर्बकडे सेंड जोडले असतील, तर ते पालकाला वळसा घालून जातात. पालकाचा फेडर खाली घेतला तरी कोरसचा रिव्हर्ब तेवढाच राहतो. म्हणून सेंड पालकावरूनच जोडायची सवय लावा.

७. कोणाला काय पाठवायचं ते ठरवा

रेंडरची खिडकी उघडण्याआधी समोरच्या माणसाला फोन करा. “स्टेम पाठव” याचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. साधारण तीन मागण्या असतात.

पहिली: पूर्ण कोरडे ट्रॅक. मिक्सिंग करणारा सगळे इफेक्ट स्वतः लावणार.

दुसरी: तुमचे इन्सर्ट लागलेले ट्रॅक, आणि रिव्हर्ब-डिलेचे रिटर्न वेगळ्या फायलींत. मी हेच सुचवतो. त्याला तुमच्या मनातला घुमारा ऐकू येतो आणि नको वाटला तर तो एका फेडरने बाजूला ठेवू शकतो.

तिसरी: गटांचे तयार स्टेम, म्हणजे आवाज त्याच्या रिव्हर्बसकट, वाद्यं त्यांच्या रिव्हर्बसकट. कार्यक्रमात मागे वाजवायचा ट्रॅक किंवा व्हिडिओसाठी हे लागतं.

तिसऱ्या प्रकारात एक अडचण दडलेली आहे. सगळ्यांचा मिळून एकच रिव्हर्ब असेल, तर त्या रिटर्नच्या स्टेममध्ये आवाज, पखवाज, हार्मोनियम सगळ्यांचा घुमारा एकत्र असतो. वेगळा करायचा तर रिटर्न ट्रॅकची प्रत काढा. रीपर त्यासोबत येणारे सेंडही उतरवून देतं. मग एका प्रतीकडे फक्त आवाजाचा सेंड ठेवा, दुसरीकडे फक्त वाद्यांचे. साधा रिव्हर्ब असा विभागला तरी बेरीज मूळ घुमाऱ्याइतकीच येते. रिटर्नवर कॉम्प्रेसर किंवा आवाज चिरडणारा एखादा प्लगइन असेल तर मात्र येत नाही, कारण तो सगळ्यांचा एकत्रित जोर बघून काम करत होता. अशा वेळी सुरुवातीपासूनच दोन रिटर्न ठेवलेले बरे.

कोरडे ट्रॅक आणि रिटर्न दोन्ही हवे असतील तर क्रम पाळा. आधी इफेक्ट चालू ठेवून रिटर्न रेंडर करा, मगच इन्सर्ट बायपास (तात्पुरते बंद) करून कोरडे ट्रॅक काढा. इन्सर्ट बायपास केलेल्या अवस्थेत रिटर्न रेंडर केला तर त्याच्याकडे कच्चा आवाज जातो आणि तुम्ही जमवलेला घुमारा बदलतो. आणि “कोरडं” म्हणजे खरखर काढणं, सूर दुरुस्त करणं हेही काढून टाकणं नव्हे. ते राहू द्या.

८. रेंडर करा

पाठवायचे सगळे ट्रॅक निवडा, निळे रिटर्न धरून. मग कंट्रोल-आल्ट-आर, किंवा फाइल मेनूतून “रेंडर”.

“सोर्स” मध्ये स्टेमचा, म्हणजे निवडलेल्या ट्रॅकचा पर्याय घ्या. यात मास्टरवरचे इफेक्ट आणि मास्टरचा फेडर येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. “व्हाया मास्टर” असाही पर्याय दिसेल. त्यात प्रत्येक ट्रॅक एकेकटा मास्टरच्या कॉम्प्रेसरमधून जातो. एकेकटा गेल्यावर कॉम्प्रेसर जेवढा दाबतो आणि सगळे मिळून गेल्यावर जेवढा दाबतो, यात फरक असतो, त्यामुळे तुकड्यांची बेरीज मूळ गाण्याइतकी होत नाही.

याच पद्धतीचा एक मोठा फायदा: बाकीचे ट्रॅक बंद न होता पार्श्वभूमीला चालू राहतात. चौथ्या पायरीत आवाजाने घुमारा दाबायची जी जोडणी केली, ती रिटर्नच्या स्टेममध्ये जशीच्या तशी उतरते. एकेक ट्रॅक म्यूट करून हाताने रेंडर करणाऱ्यांची ही जोडणी तुटते आणि त्यांना कारण सापडत नाही.

“बाउंड्स” मध्ये “एंटायर प्रोजेक्ट”. सगळ्या फायली एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात, मग कोरस तिसऱ्या मिनिटाला का येईना. सुरुवातीची शांतता कापून फाइल छोटी करू नका. समोरच्याला ती कुठे ठेवायची ते कळणार नाही.

“टेल” ला टिक आहे का पाहा आणि आकडा वाढवा. मूळ आकडा १००० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एक सेकंद. देवळासारखा घुमारा तीन-चार सेकंद चालतो, तेव्हा तो मध्येच तुटतो. मी ६००० ठेवतो.

सॅम्पल रेट प्रोजेक्टचा जो असेल तोच. व्हिडिओसाठी काम असेल तर ४८ किलोहर्ट्‌झ, पण ते रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवायचं, रेंडरच्या वेळी नव्हे. फॉरमॅट वेव्ह, २४ बिट. एखादा ट्रॅक शून्य डीबीच्या वर जात असेल तर ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट घ्या, म्हणजे माथा कापला जाणार नाही. एमपी३ स्टेम म्हणून कधीही पाठवू नका.

“नॉर्मलाइज” बंद. हे दोनदा तपासा. ते चालू राहिलं तर प्रत्येक फाइल आपापली वर चढते: तानपुरा मुख्य आवाजाइतका मोठा, रिव्हर्ब त्याहून मोठा. आठवडाभर जमवलेला तोल एका टिकने जातो.

मोनो रेकॉर्डिंग मोनो फाइलमध्ये काढायचा पर्यायही तिथे असतो. जागा वाचते, पण त्या मोनो ट्रॅकवर स्टिरिओ इफेक्ट इन्सर्ट केला असेल तर त्याची रुंदी जाते, आणि डावी-उजवी जागाही जाते. खात्री नसेल तर सगळं स्टिरिओ काढा.

फाइलच्या नावासाठी शेजारच्या “वाइल्डकार्ड्स” बटणातून प्रोजेक्टचं नाव, ट्रॅकचा क्रमांक आणि ट्रॅकचं नाव निवडा. ट्रॅकची नावं देवनागरीत असतील तर पाठवण्यापुरती रोमन लिपीत करा. आपल्या संगणकावर ती नीट दिसतात, पण झिप करून दुसऱ्याकडे उघडली की कधीकधी नुसते चौकोन उरतात.

शेवटी मास्टर मिक्सच्या दोन फायली वेगळ्या काढा. एक मास्टरवरचे इफेक्ट बंद आणि मास्टर फेडर शून्यावर ठेवून. ही पुढच्या चाचणीसाठी. दुसरी तुम्ही जशी ऐकता तशी, समोरच्याला तुमच्या मनातलं कळावं म्हणून.

९. पाठवण्याआधी उलटं जोडून बघा

ही पायरी मला पहिल्या खेपेला कोणी सांगितली असती तर तो फोन आलाच नसता.

रीपरमध्ये नवा, रिकामा प्रोजेक्ट उघडा. सगळे स्टेम शून्य सेकंदाला ओळीने ठेवा, कुठल्याच फेडरला हात लावू नका. आधी नुसतं ऐका: गाणं पूर्ण आहे का, घुमारा आहे का, शेवट तुटतोय का.

मग मास्टर मिक्सची इफेक्ट नसलेली फाइल आणखी एका ट्रॅकवर ठेवा आणि त्या ट्रॅकचं “फेज” बटण दाबा, शून्यावर तिरकी रेघ असलेलं. आता त्या फाइलची लाट उलटी झाली. स्टेमची बेरीज आणि मूळ मिक्स सारखे असतील तर दोघं एकमेकांना खोडतात आणि शांतता पसरते. मीटर जवळजवळ हलत नाही.

शांतता आली नाही तर जे ऐकू येतं तेच उत्तर असतं. फक्त घुमारा ऐकू आला: रिटर्न राहिला. कोरस ऐकू आला: पालक आणि मुलं दोन्ही गेली. सगळंच गाणं पण बारीक ऐकू आलं: मास्टरचा फेडर शून्यावर नव्हता. सगळं अगदी मोठ्याने, दुप्पट जोराने: फेज बटण दाबायचं राहिलं.

एक अपवाद आहे. “कोरस” नावाचा इफेक्ट (चौघांचा कोरस नव्हे) किंवा आतल्या आत डोलणारा रिव्हर्ब प्रत्येक रेंडरला थोडा वेगळा येतो, म्हणून तो पूर्ण खोडला जात नाही. मागे हलकी सळसळ राहते. ती फक्त त्याच वाद्याची असेल तर काळजी करू नका.

१०. सोबत चिठ्ठी

टेक्स्ट फाइलमध्ये एवढं लिहा:

- गाण्याचं नाव, लय किती बीपीएम, क्लिकवर आहे की मोकळी
- पट्टी: काळी एक, पांढरी चार, जी असेल ती
- सॅम्पल रेट आणि बिट
- एकूण फायली किती आणि त्यांपैकी रिटर्न कोणते
- कुठल्या ट्रॅकवर इन्सर्ट लागलेले आहेत
- गाण्याचे शब्द, पूर्ण

शब्द पाठवाच. मिक्सिंग करणाऱ्याला मराठी येत नसेल तर कुठला शब्द वर यायला हवा हे त्याला कसं कळणार? चरण कुठे संपतो, धृपद कुठे परत येतं, गजर कुठे सुरू होतो, हे मी मिनिट-सेकंदासह लिहून देतो.

पाठवून झाल्यावर मूळ प्रोजेक्ट “सेव्ह अ‍ॅज” करून सगळी रेकॉर्डिंग त्याच फोल्डरमध्ये कॉपी करायची टिक लावून वेगळा ठेवा, आणि रिटर्न ट्रॅक अजिबात काढून टाकू नका. आठ दिवसांनी निरोप येतो: “धृपदाला आवाजाचा रिव्हर्ब जरा कमी करून, फक्त तेवढी एकच फाइल परत पाठव.” प्रोजेक्ट उघडायचा, सेंड दोन डीबीने खाली घ्यायचा, निळा ट्रॅक निवडायचा, कंट्रोल-आल्ट-आर.